जुन्या बंदुकीचा जुनाच रंग

आमच्या घरातली बारा बोअरची दुनळी बंदूक बर्मिंगहॅमच्या घडणीची आहे. आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून माझ्या परवान्यावर ती आली तेव्हा तिचे यंत्र चोख चालत होते आणि नळ्याही आतून स्वच्छ होत्या. फक्त चापाभोवतीची लोखंडी कमान, जिला आमच्याकडे सगळे ट्रिगर गार्डच म्हणतात, ती खाऱ्या हवेने आणि तळहाताच्या घामाने जागोजागी खाल्ली गेली होती. गार्डचे दोन मूळ स्क्रू कधीतरी हरवले असावेत. त्यांच्या जागी कुणीतरी हार्डवेअरच्या दुकानातले चकचकीत स्क्रू आवळून ठेवले होते. बाकी बंदुकीला एक जुनेपण आहे, आणि त्या जुनेपणात या तीन वस्तू तेवढ्या डोळ्यांना खुपत. देवगड तालुक्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात कलमांवरचे वानर आणि भातातली डुकरे हुसकावण्यासाठी अशा बंदुका बऱ्याच घरांत आहेत आणि त्यांच्या दिसण्याची फिकीर सहसा कोणी करत नाही. मला ती होती. गार्ड आणि स्क्रू उरलेल्या बंदुकीच्या वयाचे दिसावेत एवढेच मला हवे होते, आणि ते नवे कोरे ब्लूइंग, म्हणजे पोलादावर निळसर काळा रंग चढवणे, यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे, हे जिल्ह्यातल्याच एका जुन्या मेस्त्रींच्या हाताखाली बसल्यावर समजत गेले.

कायद्याचा भाग आधी सांगतो, कारण त्यावाचून पुढच्या कशालाही हात लावता येत नाही. स्वतःच्या बंदुकीची पुसपास आणि तेलपाणी परवानाधारकाने करावे. दुरुस्तीचा व्यवसाय करायला मात्र १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार वेगळा परवाना लागतो. शिवाय बंदुकीवर ठोकलेला क्रमांक, नाव किंवा ओळखीची कोणतीही खूण घासून काढणे हा याच कायद्याच्या कलम ८ खाली गुन्हा आहे. पॉलिश पेपर हातात घेणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावे, कारण गंजाबरोबर अक्षरेही बघता बघता निघून जातात. मेस्त्रींकडे दुरुस्तीचा परवाना आहे. बंदूक आणि परवाना दोन्ही घेऊन मी गेलो, त्यांनी वहीत नोंद केली, गार्ड आणि स्क्रू उतरवून घेतले, आणि पुढचे सगळे त्यांच्याच दुकानात झाले. रसायनाचे काम त्यांनी केले. घासणे, उकळणे, पाणी बदलणे ही हमाली माझ्याकडे होती.

माझा पहिला विचार असा होता की एवीतेवी काम काढलेच आहे तर नळ्याही नव्याने काळ्या करून घ्याव्यात, म्हणजे सगळे आपोआप एका रंगाचे होईल. मेस्त्रींनी तो मोडीत काढला आणि त्यांची कारणे पटण्यासारखी होती. जुन्या दुनळी बंदुकीत दोन नळ्या आणि त्यांच्यामधल्या पट्ट्या कथिल आणि शिशाच्या डाकाने जोडलेल्या असतात. आजकाल कारखान्यांतून होणारे गरम ब्लूइंग कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या साधारण १४० अंश सेल्सिअसच्या द्रावणात बुडवून करतात. तो डाक त्या तापमानाला वितळत नाही हे खरे, पण कॉस्टिक त्याला कुरतडते आणि काही काळाने पट्टी सुटते. नळ्यांना चालते ते जुन्या पद्धतीचे, गंज चढवून उकळण्याचे ब्लूइंग. पण तेही आमच्या नळ्यांवर करायला ते राजी नव्हते, कारण मूळ रंग कितीही विटला तरी तो एकदा उतरवला की परत मिळत नाही आणि जाणकार माणूस बंदुकीचे मोल त्यावरच करतो. "नळयेवांगडा दिसाक होया, नवा नको," म्हणजे नळीच्या जोडीचा दिसायला हवा, एवढे बोलून त्यांनी गार्ड नळीच्या शेजारी ठेवला आणि विषय संपवला.

मग नळीचा रंग वाचण्याचे काम सुरू झाले. वाचण्याचे म्हणतो, कारण लांबून एकसारखी करडी दिसणारी नळी जवळून पाहिली तर चार-पाच रंगांची निघाली. पुढचे लाकूड काढल्यावर त्याच्याखाली, जिथे हात, ऊन, घाम काहीच पोहोचले नव्हते, तिथे मूळचा गडद निळसर काळा रंग शाबूत होता. नळी डाव्या हातात तोलून धरतात त्या जागी तो तपकिरीकडे झुकला होता. तोंडाशी, जिथे गवसणीत घालता-काढताना कापड घासत आले, तिथे कडांवर उघडे पोलाद चमकत होते. आणि दोन नळ्यांच्या मधल्या घळीत जुने तेल आणि धूळ सुकून जवळजवळ काळा थर बसला होता. म्हणजे रंग जाण्याचे दोन वेगळे मार्ग होते. घासण्याने रंग पातळ होतो आणि खालचे पोलाद पांढरे दिसू लागते. ओल आणि घामाने तोच रंग गंजाच्या अंगाने तांबूस-जांभळट होतो. एकाच उपायाने दोन्ही साधायला गेले की लबाडी लगेच उघडी पडते.

प्रकाशाची गंमतही इथेच कळली. ट्यूबलाइटखाली नळी तपकिरी दिसे, बाहेर ढगाळ आभाळाखाली तीच निळसर करडी होई. म्हणून जुळवाजुळव सगळी पडवीत, आभाळाच्या उजेडात, खाली पांढरा कागद अंथरून करायची असे ठरले. शिवाय तेल लागल्यावर कोणताही रंग एक छटा गडद होतो, त्यामुळे कोरडा गार्ड तेलकट नळीशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो. मेस्त्रींनी साध्या पोलादाच्या पट्टीचे काही तुकडेही गार्डबरोबर कामाला लावले. प्रत्येक फेरीनंतर एक तुकडा बाहेर काढायचा, तेल लावायचे आणि ओळीत ठेवायचा. फिक्या राखाडीपासून पुऱ्या काळ्यापर्यंतची ती ओळ नळीशेजारी धरली की आपण कुठवर आलो आणि कुठे थांबायचे आहे, याचा अंदाज लागे.

गार्ड साफ करताना सगळ्यात जास्त वेळ गेला तो खड्ड्यांपाशी. खड्डा भरता येत नाही. भोवतालचे धातू त्याच्या तळापर्यंत उतरवावे लागते. वेल्डिंगने भरला तर त्या जागचे पोलाद निराळे पडते आणि ब्लूइंगनंतर तिथे वेगळ्या छटेचा ठिपका उमटतो. गार्डच्या कमानीवर बारीक पानाफुलांची नक्षी आहे आणि नक्षीची रेघ किती उथळ असते, हे भिंगातून पाहिल्यावरच समजते. उथळ खड्डे कानशीने आणि मग लाकडी ठोकळ्यावर ताणलेल्या पॉलिश पेपरने काढले. ठोकळा नसेल तर बोटाच्या दाबाने कडा गोल होतात, आणि गोल झालेली कड ही नवख्या कामाची हमखास खूण. नक्षीला लागून असलेले खोल खड्डे तसेच ठेवले. मला ते पूर्ण पटले. वयाच्या वस्तूवर दोन खड्डे शोभतात. पुसट झालेली नक्षी शोभत नाही. उरलासुरला जुना रंग आणि गंज पांढऱ्या व्हिनेगरने उतरला. शेवटचा हात ४०० नंबरच्या कागदाचा दिला आणि तिथेच थांबलो, कारण गंजाला पकड मिळण्यासाठी पृष्ठभागाला किंचित खरखरीतपणा लागतो, आणि अती गुळगुळीत केलेल्या पोलादावर रंग ठिकठिकाणी तुटक बसतो.

या ब्लूइंगचे गमक असे की ज्या गंजाने वस्तू बिघडली त्याच गंजापासून तिचा रंग तयार होतो. ग्रीस पूर्ण उतरवलेल्या पोलादावर आम्लाचे अगदी पातळ द्रावण पुसायचे. मेस्त्री ते स्वतः बनवतात. त्यात नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि लोखंडाचा कीस विरघळवलेला असतो. ते बनवताना निघणारा तपकिरी वायू फुफ्फुसाला घातक असल्याने ही गोष्ट घरी करण्याची नाही आणि म्हणून प्रमाणही लिहीत नाही. द्रावणाने ओल्या हवेत बारीक तांबडा गंज येतो. ती वस्तू उकळत्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवली की तांबड्या गंजाचे काळ्या मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर होते. मॅग्नेटाइट हेसुद्धा लोखंडाचे ऑक्साइडच, पण तांबड्या गंजासारखे ते पापुद्रे धरून सुटत नाही, पोलादाला चिकटून राहते. वर सुटी राहिलेली काळी मखमल घासून काढायची आणि पुन्हा द्रावण लावायचे. अशा पाच ते दहा फेऱ्यांत रंग भरतो, आणि इतके करून त्या थराची जाडी मायक्रॉनमध्येच मोजावी लागते.

कोरड्या मुलखातले कारागीर यासाठी ओल धरून ठेवणारी पेटी करतात. आत पाण्याचे भांडे, ओले फडके, वर झाकण, आणि गंज येण्याची बारा-बारा तास वाट. आमच्याकडे पावसाळ्यात नेमकी उलटी अडचण असते. मिठाचा स्फटिक हवेत साधारण ७५ टक्के आर्द्रता झाली की स्वतःच पाणी धरून विरघळू लागतो. कोकणात जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते, म्हणून समुद्रावरून आलेले मीठ लोखंडावर या दिवसांत सदाचे ओले राहते. जुनी माणसे आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागण्याच्या, आधी कोयत्या-खुरप्यांना तेल चोपडून ठेवतात ते यामुळेच. दुकानात काम चालू होते तेव्हा श्रावण होता. द्रावण लावलेल्या गार्डवर तीन-चार तासांतच गंजाची लव उठे, आणि लक्ष न ठेवता रात्रभर राहू दिले असते तर ती लव खोल जाऊन नवे खड्डे पडले असते. मेस्त्रींची पेटी म्हणून कोरडी करणारी आहे: जुने लाकडी कपाट, तळाशी पिवळा बल्ब, वर टांगायला तारा. बल्बच्या उबेमुळे वस्तूवर दव धरत नाही. दवाचा थेंब बसला की त्याच्या आकाराचा डाग उमटतो आणि तो पुढच्या सगळ्या फेऱ्यांतून वर दिसत राहतो. पाण्याबद्दलही ते तितकेच हट्टी आहेत. विहिरीचे पाणी नाही, नळाचे नाही आणि किनाऱ्यावर पागोळीचेसुद्धा नाही, कारण वाऱ्याबरोबर आलेले मीठ पावसातही असते. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी कॅनने आणायचे आणि फोडणीचा वासही न लागलेल्या स्टीलच्या टोपात उकळायचे.

उकळून काढलेला गार्ड पहिल्यांदा पाहिला तो क्षण अजून डोळ्यांपुढे आहे. टोपात टाकताना त्यावर विटकरी रंगाची एकसारखी पूड होती. वर काढला तेव्हा तो काजळीने माखल्यासारखा काळाभोर होता आणि पाणी उडून जाताच त्याच्या अंगावर नखाने रेघ उमटेल इतकी मऊ लव दिसत होती. ती लव स्टील वूलने, म्हणजे पोलादाच्या बारीक तारांच्या बोळ्याने, उतरवली की खाली फिकट राखाडी झाक तेवढी राहिली, आणि एवढ्या खटाटोपाचे फळ हे एवढेच का, असे वाटून गेले. स्टील वूल आधी अ‍ॅसिटोनने धुऊन घ्यावे लागते, कारण कारखान्यातून येतानाच त्याला तेल असते आणि त्या तेलाचा पुसटसा अंशही पुढच्या फेरीत पांढरे बेट उभे करतो. हातमोजे अर्थातच. उघड्या बोटाचा ठसा या कामात दगडावरच्या रेघेसारखा टिकतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर राखाडीला खोली येऊ लागली, पुढे निळसर छटा दिसू लागली, आणि हळूहळू लाकडाखालच्या नळीच्या रंगाशी गार्ड बोलू लागला.

स्क्रूंची तऱ्हा वेगळी. बाजारातले स्क्रू ठेवण्यात अर्थ नव्हता. त्यांचे पोलाद मिश्रधातूचे, त्यांची खाच रुंद आणि डोके चपटे. मेस्त्रींनी साध्या पोलादाच्या गजातून लेथवर नवे कातले आणि खाच पात्यासारख्या बारीक करवतीने पाडली. इंग्लिश घडणीच्या चांगल्या बंदुकीत पुरता आवळलेला स्क्रू असा थांबतो की त्याची खाच नळीच्या रेषेत येते. त्यासाठी डोक्याच्या खालची बाजू थोडी थोडी उतरवत, बसवून बघत, परत काढून उतरवत जावे लागते. आधी गार्ड जागेवर बसवून खाच जुळवली, मगच रंगाला हात घातला. स्क्रूचा रंग आम्लाने न आणता उष्णतेने आणला. पितळेचा कीस भरलेल्या लोखंडी ताटलीत घासून चकाकवलेला स्क्रू खुपसून ठेवायचा आणि खालून मंद आच द्यायची. साधारण २३० अंशांना पोलादावर गवतासारखी पिवळी झाक येते, मग तपकिरी, २७५च्या सुमारास जांभळी, आणि ३००च्या जवळ निळी. त्यापुढे निळा फिका पडून राखाडी होतो. जांभळा आणि निळा यांच्यामध्ये वेळ फार थोडा मिळतो. मेस्त्रींनी जांभळ्यातच स्क्रू उचलून तेलात टाकला, कारण आमच्या नळीच्या तपकिरी अंगाशी निळ्यापेक्षा तोच जवळचा होता.

गार्ड पुरता काळा झाला तेव्हा तो बंदुकीवर धरून पाहिला. काम अगदी निर्दोष झाले होते आणि त्यामुळेच ते साफ चुकीचे दिसत होते. आता चढवलेला रंग उतरवायचा होता. त्यासाठी आधी हात कुठे कुठे लागतो ते पाहिले. गार्डची मागची लांब शेपटी मुठीत येते, तिथे तळहात बसतो. कमानीचे पोट बंदूक हातात लोंबती धरून चालताना बोटांवर येते. कमानीची पुढची आतली कड चापावर बोट नेताना घासते. पण कमानीच्या आतला वरचा भाग आणि लाकडाला टेकलेल्या बाजू यांना कोणीच शिवत नाही, तिथे काळा रंग जसाच्या तसा राहायला हवा. जुन्या वस्तूची नक्कल करणारे बहुतेक लोक इथे फसतात. सगळीकडे सारखा हात फिरवतात आणि मग वस्तू जुनी दिसण्याऐवजी मळलेली दिसते.

पोटावर आणि कडांवर अगदी बारीक, चार शून्यांचे स्टील वूल तेलात भिजवून फिरवले, नंतर चामड्याच्या तुकड्याला पॉलिशची भुकटी लावून तेच केले. स्टील वूलच्या बारीक रेघा समांतर येतात आणि त्या उजेडात दिसतात. चामडे त्या मोडते आणि माणसाच्या कातडीने झिजवल्यासारखी मऊ कड आणते. शेपटीच्या तपकिरी रंगासाठी मेस्त्रींनी जी युक्ती केली तिच्यासाठी एवढे लिहिण्याचा खटाटोप मी करतो आहे. गंज उकळला तर काळा होतो आणि न उकळता ठेवला तर तपकिरीच राहतो. जुन्या काळी नळ्यांना तपकिरी रंग देत तो याच रीतीने. त्यांनी शेपटीवरची ग्रीस पुन्हा काढली, पाणी घालून आणखी पातळ केलेले द्रावण फक्त तेवढ्याच भागावर कापसाने पुसले, गंजाची जेमतेम सावली दिसू लागताच सोड्याच्या पाण्याने धुऊन आम्ल मारले, कोरडे करून तेल लावले आणि जाड कापडाने हलकेच घासले. खाली काळा, वर पातळ तपकिरी, आणि दोन्ही मिळून नळीवर डाव्या हाताच्या जागी आहे तोच जांभळट रंग. बाटलीतल्या गार ब्लूइंगने हे झाले असते का, असे मी विचारले होते. त्यात सेलेनियमचे आणि तांब्याचे क्षार असतात, रंग मिनिटात येतो. पण तो वरवरचा असतो, त्याला विशिष्ट वास राहतो, आणि रोज हात लागणाऱ्या जागी तो लवकर उडतो. स्क्रूच्या डोक्यावर एखादा टिपका झाकायला ते ठीक, गार्डसाठी नाही, असे त्यांचे मत पडले.

नक्षीच्या रेघांत आणि गार्ड लाकडाला मिळतो त्या कोपऱ्यात जवसाच्या तेलात काजळी कालवून भरली आणि वरचे लगेच पुसून घेतले, कारण या फटी जुन्या बंदुकीवर कधीच स्वच्छ नसतात. तेलाबद्दल एक गोष्ट आमच्या भागातल्यांसाठी मुद्दाम सांगतो. घरोघर बंदुकीला खोबरेल लावण्याची रीत आहे. खोबरेल खवट झाले की त्यात आम्ल तयार होते, ते चिकट होते आणि धूळ व मीठ धरून ठेवते. साधे पातळ मशीन ऑइल बरे, आणि लाकडाखाली दडणाऱ्या बाजूला मेणाचा हात. कापडी गवसणीत बंदूक पावसाळाभर ठेवणे तर टाळलेच पाहिजे. कापड ओल ओढते आणि जिथे टेकते तिथेच लोखंड खाते.

गार्ड आणि स्क्रू बसवून, वहीत परतीची नोंद करून बंदूक घरी आणली त्याला आता एक पावसाळा उलटून गेला आहे. पडवीत, ढगाळ उजेडात, बंदूक पाहिलेल्या कोणालाही गार्ड वेगळा वाटलेला नाही. भर दुपारच्या उन्हात डाव्या बाजूने पाहिले तर मात्र गार्डचा काळा नळीच्या काळ्याहून किंचित निळा दिसतो. दोन्हींचे पोलाद वेगळे आहे. नळीचे घट्ट आणि एकजिनसी, गार्डचे मऊ, आणि एकाच द्रावणात ती दोन सारखी गंजत नाहीत. तेवढी बाजू पुन्हा करून द्याल का, असे मी मेस्त्रींना विचारले होते. त्यांनी नकार दिला. शेपटीवरच्या तपकिरीला धक्का न लावता ती बाजू उतरवता येणार नाही, असे त्यांनी गार्ड उलटून दाखवले आणि पुढल्या वर्षी आगोटीच्या आधी बंदूक नुसती बघायला घेऊन यायला सांगितले.